तीन बिलं थकलीत, आणि वाटतंय की चूक माझीच आहे

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी छत्तीस वर्षांची, गॉलवेत राहते, सात वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आयर्लंडला आली. पुण्यात अप्लाइड आर्ट केलेलं. इथे पाच वर्षं एका छोट्या स्टुडिओत नोकरी केली, मग स्टॅम्प ४ (स्वतःचा व्यवसायही करू देणारा इथला रहिवासाचा परवाना) हातात आल्यावर फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन सुरू केलं, त्याला आता दोन वर्षं होतील. कॅफेंचे मेन्यू, दुकानांचे लोगो, पॅकेजिंग अशी कामं येतात, पण सत्तर टक्के काम डब्लिनच्या एकाच एजन्सीकडून. एजन्सीचा आग्रह असतो की साडेनऊ ते साडेपाच तिने त्यांच्या चॅटवर ऑनलाइन दिसावं. त्याच एजन्सीची प्रत्येकी १,९५० युरोची तीन बिलं थकलीत, सगळ्यात जुनं चार महिन्यांचं. विचारलं की फार गोड उत्तर येतं, "ऑल ग्रँड, अकाउंट्सना सांगते," आणि पैसे काही येत नाहीत. गेल्या वर्षी एकूण २३,४०० युरोची बिलं झाली. फेब्रुवारीत छातीत कफ होऊन दोन आठवडे पडून होती, तेव्हा एक सेंट आला नाही. ऑक्टोबरात टॅक्स भरायला नवऱ्याकडून पैसे घ्यावे लागले, त्याची तिला अजून लाज वाटते. नवरा म्हणतो नोकरी बघ. सासूबाई फोनवर म्हणतात, तू घरीच असतेस ना. तिचा प्रश्न: "मला डिझाइन येतं पण धंदा येत नाही, माझा स्वभावच त्यातला नाहीये. परत नोकरी धरू का?" शिवाय ता. क. मध्ये गणपतीच्या फ्लायरचा एक प्रश्न.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तू सगळे आकडे व्यवस्थित दिलेस, फक्त तास दिले नाहीस. मधेच एका वाक्यात म्हणतेस की सकाळी नऊला बसते, सहा-साडेसहापर्यंत असतेच, शनिवारीही थोडं. म्हणजे आठवड्याला ४५ तास धरू. सुट्ट्या, आजारपण वगळून ४६ आठवडे. झाले २,०७० तास. आता २३,४०० ला २,०७० ने भाग, तासाला ११ युरो ३० सेंट येतात, आणि हे टॅक्सच्या आधी, सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनच्या आधी, थंडीत दिवसभर हीटिंग चालू ठेवतेस त्याच्या आधी. इथलं किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १४ युरो १५ सेंट आहे.

पण तू तर क्लायंटला तासाला २५ युरो सांगतेस. मग गेले कुठे? २५ च्या भावाने २३,४०० म्हणजे ९३६ तास. उरलेले अकराशेच्या वर तास तू काम केलंस आणि त्याचं कुणालाच बिल लावलं नाहीस. कोटेशन बनवणं, "अजून एक छोटासा चेंज", सहाव्यांदा बदललेला हिरवा रंग, प्रिंटरशी फोन, पैशांची आठवण करून देणारे मेल लिहून खोडणं, एजन्सीच्या चॅटवर हिरवा ठिपका दिसावा म्हणून बसून राहणं. हे सगळं कामच आहे गं. तू फक्त स्क्रीनवर डिझाइन चालू असतं तेवढ्यालाच काम म्हणतेस, आणि मग दिवसभर राबून संध्याकाळी वाटतं की आज काहीच झालं नाही. सासूबाईंच्या "घरीच असतेस ना" ने तुला एवढं लागतं त्याचं कारण मला हेच वाटतं, की तुझ्या स्वतःच्या हिशोबातही अर्धे तास घरी बसल्याचेच धरलेले आहेत.

म्हणून "माझा स्वभावच नाही" हे मी पटकन मान्य करणार नाही. पाच वर्षं स्टुडिओत होतीस तेव्हा बिलं कोण पाठवायचं? तिथे कुणीतरी अकाउंट्सची बाई असेल, ती महिन्याच्या शेवटी फोन लावायची, आणि तिला कुणी पैशाला हपापलेली म्हणत नव्हतं, तो तिच्या कामाचा भाग होता. आता ती बाई तूच आहेस. ते काम तुला कुणी शिकवलेलं नाही एवढंच. कॉलेजात कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं, शिकवतात, वसुली नाही.

आता थकलेल्या बिलांकडे येऊ. तीन बिलं मिळून ५,८५० युरो, म्हणजे तुझ्या वर्षाच्या कमाईचा बरोबर चौथा हिस्सा. गावाकडच्या वाण्याकडे उधारीची वही असायची ना, त्यात तो नावासमोर आकडा मांडायचा, आणि वही फुगली की माल बंद करायचा, तरी गावात त्याच्याशी कुणी वाकडं वागायचं नाही. तुझ्याकडे वहीच नाही. डब्लिनमधली पगारी माणसं असलेली एजन्सी तुझ्याकडून बिनव्याजी पैसे वापरतेय, आणि तू तुझा टॅक्स भरायला नवऱ्याकडे हात पसरतेस. ही गोष्ट अशी मांडली की लाज कुणाला वाटायला हवी ते बदलतं.

आणि ते "ग्रँड". इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला हा शब्द फसवतो. आयरिश माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, वाद टाळतो, आणि "ग्रँड" म्हणजे बऱ्याचदा "तुझं ऐकलं" इतकंच असतं, "झालं" असं नसतं. आपणही तसेच, भिडस्त, समोरच्याने गोड बोललं की पुढे विचारायला जीभ रेटत नाही. दोन भिडस्त माणसं समोरासमोर आली की पैसे मधल्यामधे अडकतात. मी स्वतः इथे अनेक वर्षं भाषांतराची कामं स्वतंत्रपणे केलीत. पहिलं आठवणीचं पत्र लिहायला मला अख्खी दुपार लागली होती, पोटात गोळा आला होता, आणि पाठवल्यावर अकरा मिनिटांत उत्तर आलं की सॉरी, तुमच्या बिलावर पीओ नंबर (त्यांच्या परचेस ऑर्डरचा क्रमांक) नव्हता म्हणून ते सिस्टिममध्ये चढलंच नाही. तीन महिने मी मनात किती काय काय रचत होते, की त्यांना काम आवडलं नसेल, माझं इंग्रजी कमी पडलं असेल, आणि तिकडे एक नंबर राहिलेला.

म्हणून पहिलं काम हे कर की एजन्सीतल्या तुझ्या मैत्रीण-मॅनेजरला विचारणं बंद कर. ती पैसे देत नाही, अकाउंट्स देतं. अकाउंट्सचा थेट ईमेल आणि फोन माग, तिन्ही बिलांचे नंबर, तारखा, रकमा एका मेलमध्ये टाक आणि एकच प्रश्न विचार, की ही कुठल्या तारखेच्या पेमेंट रनमध्ये (एकत्र पैसे सोडण्याच्या फेरीत) आहेत, आणि काही कागद कमी असेल तर आज सांगा. "सॉरी टू बॉदर यू" ने सुरुवात करायची नाही. मेलनंतर दोन दिवसांनी फोन. फोनवर तारीख मिळाली की ती लगेच मेलने लिहून पाठव, "बोलल्याप्रमाणे अमुक तारखेला" असं.

हे तू मेहेरबानी म्हणून मागत नाहीयेस हे पक्कं लक्षात ठेव. आयर्लंडमध्ये २०१२ चे उशिरा पेमेंटबद्दलचे नियम आहेत, युरोपियन कायद्यातून आलेले. धंद्या-धंद्यातल्या व्यवहारात काही वेगळं ठरलेलं नसेल तर ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यानंतर युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरावर ८ टक्के जास्त असं व्याज लागू होतं, म्हणजे सध्या दहाच्या आसपास, आणि शिवाय वसुलीच्या खर्चाची ठरलेली भरपाई, १,००० ते १०,००० युरोच्या बिलाला ७० युरो. तुझ्या तीन बिलांवर नुसती भरपाईच २१० होते. ती लगेच मागायला हवी असं मी म्हणत नाही, संबंध टिकवायचेत तर पहिल्या फेरीत मागू नकोस, पण इथून पुढे प्रत्येक बिलाच्या खाली एक ओळ छापलेली असू दे की ३० दिवसांनंतर २०१२ च्या नियमांप्रमाणे व्याज लागू होईल. ओळ छापलेली असली की तुला बोलावं लागत नाही. आणि तारखेची दोन आश्वासनं मोडली तर नवीन काम सुरू करायचं नाही, हे शांतपणे लिहून कळवायचं: जुनं बिल आलं की लगेच सुरू करते. अगदीच हट्टाला पेटले तर सॉलिसिटरचं पत्र आणि १५,००० युरोपर्यंतच्या दाव्यांसाठी डिस्ट्रिक्ट कोर्ट आहे, पण बहुतेक वेळा गाडी तिथवर जात नाही.

आता त्या साडेनऊ ते साडेपाचबद्दल. हे वाचून मी जरा थांबले. स्वतंत्र व्यावसायिक कधी बसतो, कसं करतो हे तो ठरवतो. जर एजन्सी तुझी वेळ ठरवत असेल, रजा विचारून घ्यायला लावत असेल, तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला काम देऊ देत नसेल, तर ते तुला नोकरीसारखं वापरतायत आणि नोकरीचं काहीच देत नाहीयेत. इथे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पिझ्झा पोचवणाऱ्या ड्रायव्हर्सच्या खटल्यात सांगितलं की करारावर "कॉन्ट्रॅक्टर" लिहिलंय एवढ्याने भागत नाही, प्रत्यक्षात काय चालतं ते बघायचं, आणि ते ड्रायव्हर टॅक्सच्या दृष्टीने कर्मचारीच ठरले. तुझे बाकीचे क्लायंट आहेत, स्वतःचं मशीन आहे, त्यामुळे तुझं पारडं कुठे झुकेल हे मी इथे बसून सांगणार नाही, सोशल प्रोटेक्शन खात्याचा स्कोप विभाग हेच ठरवतो, त्यांच्याकडे लेखी विचारता येतं. पण त्याआधी एक सोपी गोष्ट तू उद्याच करू शकतेस. चॅटवरून उठ. त्यांना सांग की दिवसातून दोनदा, अकराला आणि चारला मेसेज बघते. काय म्हणतात बघ. हरकत घेतली, तर "ठीक आहे, मग माझे पूर्ण दिवस तुम्ही बुक करा, दिवसाच्या भावाने" हे बोलायला तुला जागा मिळते.

दिवसाच्या भावाचा हिशोब असा मांड. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ काढ, सार्वजनिक सुट्ट्या १०, तुझ्या सुट्टीचे २०, आजारपणाचे १०. राहिले २२१. त्यातले आठवड्याला दीड दिवस कोटेशन, हिशोब, नवीन काम शोधणं यात जाणार, ते जाऊ देत, म्हणजे बिल लावता येतील असे साधारण १५५ दिवस. आता तुला टॅक्सच्या आधी ३०,००० हवेत आणि खर्च ५,००० आहे असं धर, तर दिवसाला सव्वादोनशेच्या वर पडतात. तू आठ तासांना २०० घेतेस आणि त्यातही सगळे तास लावत नाहीस. सगळ्यांचा भाव एकदम वाढवू नकोस, नवीन येणाऱ्याला नवीन भाव सांग, जुन्यांना पुढच्या जानेवारीपासून असं आत्ता कळव. आणि तासाचा भाव क्लायंटला सांगणंच सोड, कामाचा भाव सांग, नाहीतर तुझा हात जितका सराईत होईल तितके तुला पैसे कमी, हे उलटं झालं.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी घालच. अर्धे पैसे आगाऊ, आणि ते आल्यावरच काम सुरू. बदलांच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे, आणि फेरी म्हणजे सगळे बदल एका मेलमध्ये, दिवसभर सुटेसुटे व्हॉट्सॲप नाही. तिसरी गोष्ट ओपन फाइलची, म्हणजे जिच्यात बदल करता येतात त्या मूळ फाइलची. तू लिहिलंस की कॅफेवाल्याने ओपन फाइल मागितली आणि तू दिलीस, आता तो त्यातूनच स्वतः मेन्यू बदलतो. इथल्या २००० च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फ्रीलान्सरने केलेल्या कामाचा हक्क लेखी सही करून दिल्याशिवाय क्लायंटकडे जात नाही, नोकरदाराचं वेगळं असतं. तेव्हा एक वाक्य लिही, पूर्ण पैसे मिळाल्यावर वापराचे हक्क मिळतील, ओपन फाइल हवी असेल तर तिची किंमत अमुक. द्यायची नाही असं नाही, फुकट द्यायची नाही.

टॅक्सचं तुला जे झालं ते इथे स्वतःचं काम सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा होतं. ३१ ऑक्टोबरला मागच्या वर्षाचा सगळा टॅक्स आणि त्याच दिवशी चालू वर्षाचा प्रिलिमिनरी (आगाऊ) टॅक्स, दोन्ही एकदम. पगारदार माणसाच्या हातात कापूनच येतो म्हणून त्याला हा धक्का माहीत नसतो, तुझ्या नवऱ्यालाही नसेल. त्यावर एकच उपाय मला लागू पडला, वेगळं खातं. पैसे आले की त्याच दिवशी पंचवीस-तीस टक्के तिकडे, आणि ते आपले नाहीतच असं समजायचं. बारा महिन्यांची उलाढाल सेवांसाठीच्या ४२,५०० युरोच्या मर्यादेजवळ जायला लागली की व्हॅटचं बघायचं, तुला आज ती काळजी नाही.

आजारपणाची मात्र आहे, आणि हे फार जणांना माहीत नसतं. स्वतःचं काम करणाऱ्याचा पीआरएसआय, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, क्लास एस मध्ये जातो. त्यातून पुढे पेन्शन मिळतं, मॅटर्निटी बेनिफिट मिळतो, काम पूर्ण बंद पडलं तर अटींवर बेकारीचा भत्ताही मिळतो, पण इलनेस बेनिफिट, म्हणजे आजारपणाचा भत्ता, नाही. नोकरदाराला वर्षाला पाच दिवस पगारी आजारपणाची रजा तरी कायद्याने आहे, तुला तीही नाही. म्हणून वरच्या हिशोबात आजारपणाचे दहा दिवस धरायला सांगितले, ते तुझ्या भावातूनच वसूल व्हायला हवेत. इन्कम प्रोटेक्शनच्या (आजारपणात उत्पन्न देणाऱ्या) पॉलिसीचा भाव एकदा काढून बघ, तिच्या हप्त्यावर टॅक्समध्ये सूट मिळते.

आता मूळ प्रश्न, नोकरी. तुझ्या पत्रात नोकरी म्हणजे हरणं आणि फ्रीलान्स म्हणजे तग धरणं असं काहीसं आहे, मला ते तसं दिसत नाही. पुढच्या दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर पगाराची स्लिप उपयोगी पडते, बँका स्वतंत्र काम करणाऱ्यांकडे दोन-तीन वर्षांचे हिशोब मागतात, तेव्हा हा विचार नवऱ्याबरोबर बसून मोकळेपणाने कर. आठवड्याला तीन दिवस नोकरी आणि दोन दिवस स्वतःचे क्लायंट असंही करता येतं, कायद्याने चालतं, फक्त वर्षाच्या शेवटी दोन्ही उत्पन्नं दाखवायची. पण आत्ता, पैसे थकलेले, थकून गेलेली, तेव्हा ठरवू नकोस. सहा महिने दे. या सहा महिन्यांत वसुली, आगाऊ रक्कम, आणि एजन्सीचा हिस्सा सत्तरवरून निम्म्यावर आणणं एवढंच बघ. मग तासाचे किती पडले ते पुन्हा काढ. वीसच्या वर गेलं तर तुला धंदा येतो. नाही गेलं, तर नोकरी धर, अगदी ताठ मानेने, कारण तेव्हा तू स्वभावाला दोष देऊन नाही, आकडे बघून धरलेली असशील.

निम्म्यावर आणायचं तर नवीन काम कुठून? गॉलवेत बसून तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांकडे नाही. सरकारी आणि काउन्सिलची कामं इथे दोन भाषांत निघतात, आणि २०२१ च्या कायदा-दुरुस्तीने सरकारी संस्थांच्या जाहिरातींपैकी किमान २० टक्के आयरिशमध्ये असाव्यात असं ठरवलंय. आयरिशमध्ये स्वरावर फादा, म्हणजे एक तिरकी रेघ, असतो, तो गाळला तर अर्थ बदलतो, फादा नसेल तर फॅर म्हणजे पुरुष, असेल तर फेअर म्हणजे गवत. आपल्याकडे दिन आणि दीन. रफार-उकार, वेलांटी, मात्रा बघत वाढलेल्या डोळ्याला एखाद्या फॉन्टमध्ये फादा अक्षराला चिकटलाय का, कॅपिटलवर ओळीत घुसतोय का हे आपोआप दिसतं. आणि आयरिश बोलणारा कॉनेमारा हा भाग तुझ्या हाकेच्या अंतरावर. दोन भाषांची दोन-तीन नमुन्याची पानं स्वतःहून बनव, आयरिश मजकूर मात्र जाणकाराकडून तपासून घे, आणि पोर्टफोलिओत पहिल्या पानावर ठेव. छोट्या कामांना अशा संस्था थेट कोटेशन मागवतात. शिवाय सरकारी खाती, एचएसई (सरकारी आरोग्यसेवा), काउन्सिल यांनी बरोबर बिल आल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत असा सरकारचा नियम आहे, तुला हे ऐकूनच बरं वाटेल. गॉलवेच्या लोकल एंटरप्राइज ऑफिसमध्येही जाऊन ये, देशभरात अशी ३१ ऑफिसं आहेत, तिथे अनुभवी मेंटर मिळतो आणि भाव ठरवण्यावर तो तुझ्याशी समोर बसून बोलतो.

एक मात्र, हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्या मुलींसाठी लिहिते, कारण विचारणाऱ्या पुष्कळ असतात. नवऱ्याच्या परमिटवर येऊन स्टॅम्प १जी असेल तर नोकरी करता येते, स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, आणि भारतातल्या क्लायंटचं काम इथे घरात बसून केलं तरी तो व्यवसायच. स्टुडंट व्हिसावरही तेच. या पत्रातल्या मैत्रिणीने स्टॅम्प ४ येईपर्यंत थांबून मग सुरू केलं, तसंच करा.

डिसेंबरात तिकडे सव्वाचारला अंधार पडतो आणि तू म्हणतेस की कधीकधी दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही. आठवड्यातले दोन दिवस घराबाहेर काम कर. लायब्ररी फुकट आहे, उबदार आहे. आणि घरच्यांनाही मग तू "कामाला जातेस" हे दिसतं, जे सासूबाईंना शंभरदा समजावून सांगण्यापेक्षा सोपं आहे.

नवऱ्याकडून घेतलेल्या त्या टॅक्सच्या पैशांबद्दल: एजन्सीचे आले की त्यातून परत दे, त्याने नको म्हटलं तरी. तुझ्या वहीत ते फिटलेले दिसायला हवेत.

आता ता. क. तू विचारतेस, मंडळाचा गणपतीचा फ्लायर दरवर्षी फुकट करते, यंदा पोस्टर, बॅनर आणि सोशल मीडियाचे बारा क्रिएटिव्हही मागितलेत, आपल्याच माणसांकडून पैसे कसे मागू. मागू नकोस, द्यायचं असेल तर मनापासून दे, पण किती ते तू ठरव. फ्लायर आणि पोस्टर माझ्याकडून, बाकीचं नाही जमणार, असं सरळ सांग. आणि बिल तरीही बनव: फ्लायर १८०, पोस्टर २२०, खाली मंडळासाठी पूर्ण सूट, देय रक्कम शून्य. कमिटीतल्यांना किंमत कळते, त्यातल्याच कुणाचं तरी रेस्टॉरंट असतं, कुणाचं क्लिनिक, पुढचं काम तिथून येतं तेव्हा भाव आधीच माहीत असतो. यंदा १४ सप्टेंबरला गणपती आहेत. मजकूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकाच माणसाकडून हवा, बदलांच्या फेऱ्या दोन, हे आत्ताच ग्रुपवर टाकून ठेव.